सज्ज्यावरचे चार थर

विनीता देशमुख खांबांना भुलणाऱ्यांपैकी नव्हती. बागबाजारच्या त्या राजवाड्यात शिरलं की माणसं पाच महिरपी, जोडखांब आणि छतावरची वेलबुट्टी पाहून थक्क होत. ही बाई मात्र खाली मान घालून टाचेनं फरशी ठोकत फिरे. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे ती कोलकात्याला आली, न्यू टाउनमध्ये इंजिनियर म्हणून काचेच्या इमारतींच्या मजबुतीची गणितं करून कंटाळली आणि जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत पडली. आपण हात लावलेली एकही वास्तू पडली नाही, असं ती बेधडक सांगे. आणि ते खरंही होतं.

मालक अरुणबाबू रडकुंडीला आले होते. दुर्गापूजेत घरच्या बायकांनी वरच्या सज्ज्यातून आरती पाहायची, ही घराची रीत. त्यांच्या आईनं साठ वर्षं तिथूनच पाहिली होती. आता सज्ज्याचे सागवानी वासे वाकले होते आणि आधीच्या इंजिनियरनं सरळ 'पाडा' असं लिहून दिलं होतं.

विनीतानं कोपऱ्यातली फरशी फोडायला लावली. तळाशी मूळचा चुन्याचा कोबा, त्यावर आजोबांचा संगमरवर, त्यावर वडिलांचं मोझेक आणि वर अरुणबाबूंनी गेल्याच वर्षी हौसेनं बसवलेल्या चकचकीत टाइल्स! थाट प्रत्येकानं वाढवला, आधीचं काढायचं कुणाला सुचलं नाही.

"लाकूड ठणठणीत आहे, अरुणबाबू. तुमच्या घराण्याची हौस त्याच्या उरावर बसलीय. चुन्यावरचं सगळं काढा."

"आजोबांचा संगमरवरसुद्धा?" त्यांचा चेहरा पडला. "राजवाड्याला उघडा चुना? लोक काय म्हणतील, मॅडम?"

"लोक खालून बघतात. वर संगमरवर ठेवायचा की आईंना उभं करायचं, ते तुम्ही ठरवा."

अरुणबाबू दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मजूर घेऊन आले आणि पहिली टाइल त्यांनी स्वतः उचकटली.

विनीतानं वाशाखाली बारीक काट्याचं मोजयंत्र लावलं होतं; ओझं उतरल्यावर वासा वर उचलला, तर लाकूड शाबूत. टाइल्स निघाल्या, काटा जेमतेम हलला. तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही आणि मजुरांना पुढचा थर उचकटायला सांगितला. मोझेक निघालं. मग संगमरवराची शेवटची लादी खाली आली, तोवर वाशानं चार मिलिमीटर मान वर काढली होती.

अरुणबाबूंनी चष्मा पुसून काटा दोनदा वाचला आणि तिथूनच ओरडले, "माँ! अष्टमीला तू वरच उभं राहायचंस!"