एयूजी नसेल तर

उमरग्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून शिकवून माझा घसा बसलाय. पेशीत प्रोटीन बनतं ते आरएनएवरची अक्षरं तीन-तीन करून वाचत, आणि वाचायला सुरुवात एयूजी या तीन अक्षरांपासूनच. हे मी पोरांकडून घोकून घ्यायचो. एकदा चाचणीत एका मुलीनं लिहिलं, कधीमधी सीयूजीपासूनपण सुरुवात होते. मी लाल पेनानं फुली मारली. ती विचारायला आली, तर सगळ्या वर्गासमोर तिला झापलं, की जास्त शहाणपणा नको, पुस्तकात आहे तेवढं लिही.

मग आमची मुलगी झाली. सहा महिन्यांची झाली तरी मान धरेना. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडं अशी सोयरीक घरोघरी होते, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नात काय धोका असतो हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवणारा मी, मुकाट्यानं बोहल्यावर उभा राहिलो होतो. सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. शरीरात एक एन्झाइम कमी पडतंय असा त्यांचा संशय होता. थोडं जरी असलं तरी औषधानं त्याला जोर येतो, अजिबातच नसलं तर औषध काही कामाचं नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

रिपोर्ट आला. जनुक आईकडून आलेलंही बिघडलेलं, माझ्याकडून आलेलंही. बिघाड एकाच अक्षराचा, पण नेमका पहिल्या एयूजीत. पहिल्या एच्या जागी सी. सुरुवातच नाही तर एन्झाइम कुठलं बनतंय!

डॉक्टर म्हणाले, "सर, पेशी दरवेळी पुस्तकाप्रमाणं चालत नाही. सीयूजीवरूनही कधी कधी सुरुवात करते. थोडंच बनतं. तुमच्या मुलीत बनतंय का, ते मोजल्याशिवाय कळायचं नाही."

मोजायला पुन्हा रक्त गेलं. दहा दिवस लागणार होते. माकणीहून मामा मोटारसायकलवर आले, नातीला मांडीवर घेऊन बसले आणि मला विचारलं, हे आमच्या घराण्यातनं आलं का? दोन्हीकडनं, तुमच्याकडनं अन् तुमच्या बहिणीकडनं, मी म्हणालो. त्यांनी चहा घेतला न्हाय. बायको फोन वाजला की माझ्या तोंडाकडं बघायची. मला भीती लई वाटत होती, आणि त्याहून जास्त माझाच राग येत होता. त्या आठवड्यात वर्गात नेमका तोच धडा आला. मी पोरांना वाचत बसायला सांगून खिडकीपाशी उभा राहिलो.

अकराव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. एन्झाइम फार कमी आहे, म्हणाले. मी खाली बसलो आणि हसायला लागलो.

"अहो, कमी हाय म्हणतेत, अन् तुम्ही हसताय?" बायको रडवेली झाली.

"कमी हाय. म्हणजे हाय," मी म्हणालो आणि मलाच रडू फुटलं.

औषध सुरू झालं. ते पुरेल का, कुणीच सांगत नाही. पोरगी मान उचलते, क्षणभर धरते, पुन्हा टाकते. प्रत्येक वेळी माझा जीव खालीवर होतो.

कॉलेजात तो धडा मी पुन्हा घेतला. फळ्यावर एयूजीखाली सीयूजी लिहिलं. मागून कुणीतरी विचारलं, सर, हे परीक्षेला आहे का?

"न्हाय," मी म्हणालो. "तरी लिहून घ्या."