उंबरातून सोडवलेला ट्रक

आमच्या शेडमध्ये किस्सा घडत असतो तेव्हा तो कुणाला कळत नाही. तेव्हा फक्त काम चालू असतं, कुणीतरी चिडलेलं असतं आणि कुणाचं तरी जेवण राहिलेलं असतं. मग काही महिन्यांनी चहाला बसल्यावर एकजण म्हणतो, "तो म्हात्र्यांचा ट्रक आठवतो का?" आणि सगळ्यांचा चहा गार होतो. त्या एका ट्रकचे इतके किस्से साठलेत की बाकीच्या गाड्यांचा नंबरच लागत नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते. पनवेलहून न्हावा शेवाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं शेड आहे. रोजचं काम म्हणजे कंटेनरच्या ट्रेलरची दुरुस्ती. मी वेल्डर. आयटीआयला वेल्डिंगच्या बॅचमध्ये मी एकटीच मुलगी होते, आता चाळिशी आली. माझे पार्टनर सलीमभाई, डेंटर, पक्के पनवेलकर, साठी ओलांडलेले. पत्रा ठोकून आकाराला ते आणतात, जोडते मी.

एक दिवस शिरढोणचा हरेश म्हात्रे आला. रेती-खडीचा धंदा, गळ्यात जाड चेन, बोलायला मोकळा. त्याचे वडील, बळीरामकाका, तरुणपणी मिठागरातून ट्रकने मीठ वाहायचे. तो ट्रक घरामागे पडून होता. पुढे लांब नाक असलेला, जुन्या बांधणीचा. हरेशला तो होता तसा करून हवा होता. काकांचं हृदय कमजोर झालं होतं, डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं.

"बाबांना एकदा त्यात बसवायचंय, ताई," तो म्हणाला. "बाकी मला काय नको."

*

आम्ही ट्रक बघायला गेलो, तर त्याच्या केबिनमधून उंबराचं झाड वर आलेलं. डाव्या बाजूचा तळ गंजून गेला होता. तिथून खोड आत शिरलं होतं आणि दरवाजाच्या जागेतून बाहेर पडून छपरावर पसरलं होतं.

हरेशने कुऱ्हाड मागवली. तेवढ्यात त्याची आई, हिराकाकी, घरातून बाहेर आल्या आणि झाडापुढे उभ्या राहिल्या.

"गाडी न्या. उंबराला हात लावायचा नाय."

"आय, झाड आपण दुसरं लावू."

"मंग ट्रक पन दुसरा घे."

सलीमभाईंनी ट्रकभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "शेठ, दोघांत जिवंत कोण आहे? झाड. मग कापायची गाडीच."

खोड चेसिसच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, बाहेरून वर आलं होतं, हे आमचं नशीब. आम्ही केबिनची डावी बाजू तुकड्या-तुकड्याने कापून झाडाभोवतून सोडवली. दरवाजाचा खांब, तळ, चाकावरचा फेंडर, सगळं गेलं. मी ग्राइंडर चालवत होते आणि काकी खोडाला ओलं गोणपाट धरून ठिणग्या अडवत होत्या. तरीही एका जागी साल खरचटलीच. काकी घरात गेल्या आणि हळद घेऊन आल्या.

निघताना सलीमभाई मला म्हणाले, "बेटा, अर्धा ट्रक मिळाला. अर्धा आपल्याला बनवायचा आहे."

*

डावा फेंडर बनवायला नमुना हवा. उजवा शिल्लक होता, त्याचा साचा घ्यायचा आणि उलटवून डावा करायचा. कागद फाटत होता, पुठ्ठा वळत नव्हता. सलीमभाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि ट्रक झाकायला ठेवलेलं फ्लेक्स ओढून घेतलं. जाड, मऊ, हवं तसं वळणारं. त्यांनी ते फेंडरवर बसवलं, खुणा केल्या आणि कापलं.

दुसऱ्या दिवशी हरेश आला आणि दारातच थांबला. फ्लेक्स त्याच्याच वाढदिवसाचं होतं. त्याने स्वतःच आम्हाला झाकायला दिलं होतं. त्याचा अर्धा चेहरा फेंडरवर ताणून बसला होता आणि एक कान खाली जमिनीवर पडला होता.

सलीमभाईंनी मान वर न करता सांगितलं, "शेठ, तुमचं नाक बरोबर वळणावर आलंय. हलवू नका."

हरेश वाकून बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला. मग खाली पडलेला कान उचलून त्याने टेबलावर ठेवला. "लागला तर," म्हणाला.

*

फेंडरला वेळ लागत होता. सपाट पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवायचा, लाकडी हातोड्याने मारायचं, हाताने चाचपायचं, परत मारायचं. हरेशला घाई होती, आणि ती का होती ते आम्हाला माहीत होतं. एका सकाळी तो टेम्पोतून फायबरचा फेंडर घेऊन आला. चकचकीत, तयार.

"सलीमभाई, आता लावून टाका. बाबांना काय कळणार हाय?"

सलीमभाईंनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि त्या फेंडरला लावलं. ते खाली पडलं. त्यांनी उचललं, परत लावलं. परत पडलं.

"शेठ, याला लोहचुंबकसुद्धा ओळख देत नाही. तुमच्या वालिदसाहेबांनी आयुष्यभर लोखंड चालवलंय."

हरेशचा चेहरा उतरला. "आणि तोवर बाबा राहिले नाय तर?"

सलीमभाईंनी लोहचुंबक उचलून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मी उद्यापासून लवकर येतो. पण करीन ते पत्र्याचंच."

दुसऱ्या दिवशी मी शेड उघडायला गेले, तर आतून हातोड्याचा आवाज येत होता.

*

मग माझी पाळी आली. दरवाजाचा मोठा पत्रा चौकटीला जोडायचा होता. ट्रेलरचं लोखंड जाड, कितीही तापलं तरी जागचं हलत नाही. हा पत्रा पातळ. जास्त तापला की फुगतो, आणि गार झाला की त्यावर लाटा दिसतात. सलीमभाईंनी तळहात फिरवला आणि म्हणाले, "काढ." मी कापून काढला, त्यांनी नवा केला, मी जोडला. परत लाटा. परत "काढ."

मग मी ठरवलं, एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, आणि मध्ये गार होईपर्यंत हात बांधून बसायचं. त्यात आणखी एक अडचण होती. पंख्याचा वारा लागला की वेल्डिंगचा गॅस उडतो आणि टाक्यात भोकं पडतात. म्हणजे पंखा बंद. मार्चची दुपार, डोक्यावर पत्र्याचं छप्पर आणि सलीमभाईंचे रोजे चालू. पाण्याचा थेंब नाही आणि ते माझ्यासमोर बसून फेंडर ठोकतायत.

मी म्हणाले, "सलीमभाई, तुम्ही घरी जाऊन पडा जरा. माझं झालं की पंखा लावू, मग या."

"रोजा माझा आहे, बेटा. फेंडरचा नाही."

मग मीही दुपारभर पाणी प्यायले नाही. संध्याकाळी त्यांनी खजुराचा डबा उघडला आणि पहिला खजूर माझ्यापुढे धरला. दरवाजावर तळहात त्यांनी त्यानंतर फिरवला. यावेळी "काढ" म्हणाले नाहीत. पंखा लावला.

*

दरवाजा बसला त्याच आठवड्यात बळीरामकाकांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. हरेशचा फोन आला. आवाज बसलेला. "ताई, काम थांबवा. आता कोनासाठी करायचं?"

मी फोन ठेवला आणि सलीमभाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि हातोडा उचलला.

"ते थांबा म्हणालेत," मी परत सांगितलं.

"ऐकलं मी. ते आत्ता काळजीत आहेत. काळजीतल्या माणसाचं काम आपण थांबवायचं नसतं."

बॉनेट बसवलं, ते उघडून उभं केलं, डाव्या बाजूने ट्रकचा फोटो काढला आणि हरेशला पाठवला. उत्तर आलं नाही. दोन दिवस आम्ही नुसतं काम केलं.

तिसऱ्या दिवशी हरेश स्वतः आला. दाढी वाढलेली, पण चेहऱ्यावर हसू. त्याने फोटो काकांच्या डोळ्यांपुढे धरला होता. काकांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला होता आणि म्हणाले होते, "बॉनेट कोनी उघडा टाकलाय? पाणी जाईल."

सलीमभाई उठले, बॉनेट बंद केलं आणि म्हणाले, "सांगा त्यांना, लावलं."

*

काका घरी आले. कळंबोलीच्या मेकॅनिकने इंजिन बसवून दिलं, रंग झाला, आणि हरेश आईवडिलांना घेऊन शेडवर आला. काका वाळले होते, हरेशच्या खांद्यावर हात टाकून चालत होते. हिराकाकी मागून नारळाची पिशवी घेऊन.

नारळ फोडला. हरेशने ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडला आणि डोळे पुसत म्हणाला, "बाबा, बसा."

काकांनी बॉनेटवर तळहात ठेवला. तो तसाच फिरवत ते पुढून वळले आणि डाव्या बाजूला गेले, क्लीनर बसतो तिकडे. आम्ही बनवलेला दरवाजा उघडला. सलीमभाईंनी पायाखाली स्टूल दिलं. काका चढले आणि टेकून बसले.

"बाबा, स्टेअरिंग या बाजूला हाय," हरेश हळूच म्हणाला.

"म्हायत हाय," काका म्हणाले, आणि खिडकीतून हाक मारली, "हिरे, चल."

हिराकाकींनी पदर कमरेला खोचला. चपला काढल्या आणि हरेशच्या हातात दिल्या. दांडी धरून त्या एका दमात वर चढल्या. गियर हलवून न्यूट्रल आहे का बघितलं, अनवाणी पाय क्लचवर ठेवला आणि स्टार्टर दाबला. इंजिन लागलं. एका बाजूला ट्रेलर, दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसर, मधून जेमतेम गाडी जाईल इतकी जागा. त्यांनी ट्रक त्यातून सरळ बाहेर काढला. कुठे घासला नाही. काका डाव्या खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते आणि जुन्या सवयीने पत्र्यावर थाप मारत म्हणत होते, "येऊ दे. येऊ दे."

सलीमभाई धावत जाऊन गेट उघडायला लागले. मी वेल्डिंगचं हेल्मेट हातात धरून उभी.

हरेश चपला घेऊन ट्रकच्या पुढे आला. "आय," तो इंजिनच्या आवाजावर ओरडला, "तुला ही चालवायला कोनी शिकवली?"

हिराकाकींनी खिडकीतून बघितलं.

"बाजूला हो," त्या म्हणाल्या, आणि गाडी गेटबाहेर काढली.