ठेकेदाराच्या नंबरावर आलेली माझी नोकरी

कुमुदताई ढोले यांनी मला नोकरी लावून दिली. हे आधी सांगतो, बाकीचं मागून. आर्वीला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर कोणी विचारेना झालं तेव्हा त्यांनी तिथंच कॉम्प्युटर मांडून इंटरनेटचं दुकान केलं, पण गाव त्यांना शेवटपर्यंत 'टायपिंगवाल्या बाई'च म्हणत राहिलं. मी गजानन, नववीत शाळा सोडलेला माणूस. आज टांझानियातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हेड फिटर आहे, पगार माझ्या नावाच्या खात्यात पडतो आणि घरी अल्लीपूरला पोरं वेळेवर शाळेत जातात. यामागे ह्या एका बाईचा हात आहे. दुसऱ्या कोणाचाही नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण दुसऱ्याच एकानं ते श्रेय भर सभेत उचललं आहे.

बाई गेल्या त्याला आता महिना उलटून गेला. बायकोचा फोन आला तेव्हा मी मशीनखाली होतो. "आर्वीवाल्या बाई गेल्या," ती म्हणाली. "झटका आला म्हणे. दवाखान्यात नेईपर्यंत..." पुढं लाइन कटली. मी मशीनखालून बाहेर आलो. नंतर पुन्हा फोन लागला, तेव्हा तिनं श्रद्धांजलीच्या सभेचं सांगितलं. जिनिंगांना माणसं पुरवणारा रामभाऊ ठेकेदार उठून बोलला. म्हणे, बाई मले सख्ख्या बहिणीसारख्या होत्या, आमी दोघायनं मिळून गरिबाची पोरं परदेशी लावली. डोळे पुसले म्हणे त्यानं. लोकांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या... माझी बायकापोरं तिकडंच आहेत आणि रामभाऊची माणसं जिनिंगा-जिनिंगांत पसरलेली आहेत, म्हणून हे लिहिताना भीती वाटते. तरी लिहितो.

ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी होते. मशीनमधलं चामड्याचा रोलर आणि त्यावरचा चाकू यांत अंतर नीट बसलं नाही तर सरकी फुटते आणि सारी रुई डागाळते. ते अंतर हातानं बसवणारा तो फिटर. पण आमच्याकडे फिटरला नाव नसतं. मालकानं विचारलं, तू कोण, तर आपण म्हणायचं, "मी रामभाऊचा माणूस." मालक पैसे रामभाऊला देणार, रामभाऊ त्यातून उचल कापून, खाणावळ कापून, मर्जीनं उरलेलं आम्हाला देणार. निरोप यायचा तोही त्याच्याच फोनवर. कुठल्या मिलमध्ये जायचं हे तो ठरवणार. मी लग्न झालेला बाप्या, पण सासऱ्याला माझ्याशी बोलायचं झालं तरी रामभाऊला फोन करावा लागे. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही. सगळेच तसे होते.

तेव्हा मी आर्वीच्या जिनिंगमध्ये कामाला होतो. बाईंच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला. माझ्या काळ्या हातांकडे बघून त्या खेकसल्या, "कागदाले डाग नको लावू. काय काम करतं?"

"रामभाऊचा माणूस आहो."

"मी काम विचारलं रे, मालक नाई विचारला."

मग मी चाचरत सांगितलं. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. बाईंचा स्वभाव गोड होता असं आता सारे म्हणतील, पण खोटं आहे ते. बाई फटकळ होत्या आणि गिऱ्हाईक त्यांना भीत असे. पण त्या दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवून नोकरी-धंद्यातल्या ओळखी जोडायची एक साइट दाखवली. त्यांच्याकडे टायपिंग शिकून गेलेली पोरं-पोरी नागपूर-पुण्यापर्यंत ऑफिसांत लागली होती. त्या सगळ्यांशी बाईंनी तिथं ओळख जोडून ठेवलेली. कोणाला जागा हवी असली, कोणाकडे जागा रिकामी असली, की बाई मध्ये बसून गाठ घालून देत. "अर्धे लोक इथी फेकतात," त्या म्हणाल्या. "कारकून असन तर मॅनेजर लिवतात. तू फेकू नको. तुह्या हातानं सरकी फुटत नाई ना? तेच लिवते मी."

बाजूच्या कॉम्प्युटरवर बसलेला एक बँकेतला बाबू हसला. "काय बाई, आता जिनिंगवाल्यांचीही जाहिरात काय?"

"तुमची केलती ना मागच्या साली, जावयाच्या नोकरीसाठी? तवा नाई हसले?" बाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. बाबू बिल देऊन गेला. असे हसणारे त्या गल्लीत पुष्कळ होते. चहाच्या टपरीवर मला 'इंटरनेट साहेब' म्हणून हाका मारत. आज त्यातलेच काहीजण बायकोला विचारतात, गजाननले सांगून आमच्या पोराच्या नोकरीचं पाय ना काही. मी त्यांना उत्तर देत नाही, देणारही नाही.

तर बाईंनी माझं पान भरलं, कॅमेऱ्यानं फोटो काढला, माझ्या कामाची माणसं लागणाऱ्या देशोदेशीच्या जिनिंगवाल्यांना विनंत्या पाठवल्या. शेवटी म्हणाल्या, फोन नंबर सांग. मी धडाधड सांगितला... रामभाऊचा. माझा नंबर म्हणजे तोच, एवढंच मला ठाऊक. बाईंनी टाइप केला.

पुढं बरेच दिवस काही झालं नाही. मी समजलो, बाबू बरोबर होता. मग एक दिवस एका पोराच्या हाती बाईंचा निरोप आला, ताबडतोब ये. गेलो तर त्या उभ्या होत्या, चेहरा लाल. स्क्रीनवर टांझानियाच्या मिलमधल्या भारतीय मॅनेजरचं इंग्रजी पत्र होतं, शिव्या तेवढ्या नव्हत्या. त्यांनी मला वाचून सांगितलं. त्या साहेबानं माझं पान बघून त्या नंबरावर फोन केला होता. रामभाऊनं सांगितलं, गजानन बिमार आहे, त्याच्याच हाताखालचा पक्का फिटर पाठवतो. आणि स्वतःचा पुतण्या पाठवला, ज्यानं चाकूला कधी हात लावला नव्हता. पुतण्यानं तिथं रोलर जाळून ठेवले, सीझनच्या भरात मिल बंद पडली, आणि साहेब मला लिहीत होता की तुझ्यासारख्या लबाड माणसाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

"हा नंबर कोनाचा होय?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. "अबे, तुले सोतःचा नाई तं शेजाऱ्याचा तरी नंबर नवता काय? माह्या दुकानाचा देता नाई आला? काऊन आपल्या हातानं आपलं ताट त्याच्यापुढं सरकवतं?" माझ्या आयुष्यात एकदाच दार उघडलं होतं आणि त्यातून दुसराच आत गेला होता. वर नाव खराब झालं ते माझं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या साहेबाला खरं काय ते कळवलं. त्याचा भरवसा बसेना. ह्याची कुणकुण लागून रामभाऊ दुकानात आला. मी तिथंच होतो, मागं दडून. "बाई, तुमी टायपिंग करा," तो शांतपणे म्हणाला. "मानसं आमी पायतो."

"पायता का विकता?"

"जबान सांभाळा. उद्यापासून जिनिंगचा एक कागद ह्या गल्लीत नाई येणार."

"नाई आला तं नाई आला. पन मी मेल थांबवत नाई."

त्यानं शब्द पाळला. जिनिंगांची बिलं, पत्रं, कापूस खरेदीच्या हिशेबाच्या पट्ट्या, सगळं टायपिंग दुसरीकडे गेलं. बाईंचं निम्मं दुकान त्यावर चाले. हे त्या सभेत त्यानं सांगितलं का? बहिणीसारखी म्हणे!

बाईंनी मग त्यांचा जुना विद्यार्थी मंगेश गाठला. तो नागपूरला जिनिंगचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता आणि टांझानियाची मिल त्याच कंपनीचं गिऱ्हाईक होती. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, पण फोटो बघून त्यानं उलट लिहिलं, हा तर तोच, मशीन बसवायला आम्ही आर्वीला आलो तेव्हा आमच्या इंजिनिअरनं चाकू याच्याकडूनच लावून घेतले होते. हेच त्यानं साइटवर माझ्या पानाखाली शिफारस म्हणून लिहिलं, स्वतःच्या हुद्द्यानिशी. तेव्हा कुठं साहेबाचा फोन आला, ह्या वेळेला बाईंच्या दुकानातल्या फोनवर. मी मोडक्या हिंदीत हो जी, हो जी करत होतो. "पगाराचं विचार," बाई कानाशी पुटपुटल्या. माझं धाडस होईना. त्यांनी रिसीव्हर हिसकून घेतला. "पगार इसके नाम के खाते में डालोगे, ठेकेदार को नहीं. हाँ बोलो, नहीं तो रखती हूँ." पलीकडून साहेब हसला असावा. हो म्हणाला.

माझं खातं नव्हतं. बायको म्हणत होती आधी केळझरच्या गणपतीला नारळ देऊ. बाई म्हणाल्या, "दे माय, पन पयले बँकेत जाऊन येजो. आन खातं दोघायच्या नावाचं काढजो, हा तिकडं गेल्यावर तुले पैसे कोनाले मागायची पाळी नाई आली पायजे." तो एक सल्ला नसता तर माझ्या घरावर आज छत नसतं.

गेल्या सुट्टीत भेटलो तेव्हा दुकानात एकच कॉम्प्युटर उरला होता. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "तुह्या भरवशावर दुकान नवतं उघडलं मी. चल, चहा पी." तीच शेवटची भेट, हे मला कुठं माहीत...

इथं रविवारी मिलच्या ऑफिसात मला कॉम्प्युटर वापरू देतात. बाईंचं पान साइटवर तसंच आहे. कपाळाला आठी घातलेला फोटो, खाली दुकानाचा पत्ता, जणू आत्ता शटर वर होईल. साइट मला दर वेळी विचारते, कुमुद ढोले यांच्यासाठी शिफारस लिहिता का? त्यांनी शेकडो लोकांना एकमेकांकडून शिफारशी लिहून मिळवून दिल्या. त्यांच्या स्वतःच्या पानाखाली ती जागा कोरी आहे. मीही कधी लिहिलं नाही, कारण तिथं सारं इंग्रजीत चालतं आणि मला इंग्रजी येत नाही, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर रामभाऊचं नाव लिहायला कोणी तयार होत नाही.

मी इंग्रजी शिकतो आहे. इथल्या स्टोअरकीपरच्या पोरीचं पुस्तक घेऊन, रोज कामानंतर, लाज बाजूला ठेवून. बाई, वेळ लागेल, पण एक दिवस ती जागा मी माझ्या हातानं भरीन. तुम्ही माझ्यासाठी काय केलं ते लिहीन, तुमचं काय गेलं ते लिहीन, आणि ते कोणी घालवलं, त्याचं नाव बापाच्या नावासकट लिहीन. एवढं तुमचं देणं मी फेडल्याशिवाय राहणार नाही.