खिडकीशी फुगडी

बोरीवलीच्या त्या टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर श्रुतिका अकरा वर्षांची झाली ती कॅमेऱ्याच्या नजरेखाली. आई नीला आणि बाबा, दोघंही नोकरीला. ती शाळेतून आली की दार आपसूक लॉक व्हायचं आणि टीव्हीशेजारचा कॅमेरा आईच्या आवाजात बोलायचा, "दूध संपव. खाली जायचं नाही हं, लोक कसले असतात!" क्लास स्क्रीनवर, वाढदिवस फोनवर. शेजारच्यांचं आडनावही तिला ठाऊक नव्हतं.

तिला एकच वेड होतं, फुगडीचं. गावच्या गौरींचे व्हिडिओ बघून शिकली. पण जोडीदारीण कुठून आणायची? मग खिडकीच्या ग्रिलचे गज धरायचे, अंग मागे झोकून द्यायचं आणि पाय नाचवायचे.

यंदा सोसायटीच्या गणपतीत मुलींच्या फुगड्या ठरल्या. एक जागा रिकामी होती. श्रुतिकानं दोन दिवस जेवणाला हात लावला नाही, तेव्हा कुठे नीला हो म्हणाली.

मांडवात सोसायटीतल्या शर्मिष्ठाकाकू मुलींची तालीम घेत होत्या.

"ही नवीन राहायला आली?" ऋतिकानं विचारलं.

"छे गं, तेविसाव्यावरची. कॅमेऱ्यातली!" अक्षता फिदीफिदी हसली.

"गप्प बसा. ऋतिका, धर हिला," काकू म्हणाल्या.

ऋतिकानं तोंड वाकडं करत हात पुढे केले. "शी, किती घामट हात यार!"

श्रुतिकानं गज आवळायची तशा मुठी आवळल्या, सगळा भार मागे टाकला. समोरच्या माणसाच्या वजनाचा अंदाज घ्यायचा असतो, हे तिला कोण सांगणार? तिसऱ्याच गिरकीत ऋतिका फरफटायला लागली.

"सोड! अगं सोड, लागतंय!"

व्हिडिओतल्या बायकाही किंचाळायच्याच की. श्रुतिकानं आणखी जोर लावला.

काकूंनी ओढून सोडवलं, तेव्हा ऋतिकाच्या मनगटात नखं रुतली होती.

"सोड म्हटलेलं कळत नाही तुला?"

"मला वाटलं, तिला मजा येतेय."

"येडी आहे ही, काकू!" ऋतिका रडत ओरडली.

काकूंनी वहीतलं श्रुतिकाचं नाव खोडलं. "तू टाळ्या वाजवायला ये हं, बाळ. शीतलला बोलवा गं कुणीतरी."

"पुन्हा करून दाखवू? हळू धरीन."

काकूंनी वही मिटली. बाजूला बसलेली ऋतिकाची आई सोसायटीच्या ग्रुपवर भराभर तक्रार लिहीत होती. मिनिटभरात श्रुतिकाचा फोन थरथरला. आईचा मेसेज: आत्ताच्या आत्ता वर ये.

तिनं फोन पालथा करून खुर्चीवर ठेवला. मुली जोड्या लावू लागल्या, शीतलही आली. तरी श्रुतिका तिथंच उभी होती, दोन्ही हात पुढे धरून.