केसपेपरवरचं माझंच वाक्य

बदलापूर-अंबरनाथकरांनो, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

गेल्या महिन्यात मोरिवलीला कामावर असताना ह्यांना हार्ट अटॅक आला. ॲडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं, "आधीचा काही त्रास?" घाबरून मी सगळंच सांगितलं. दोन वर्षं जेवल्यावर छातीत जळजळतं, चहा फार पितात.

आज विमा कंपनीचं पत्र आलं. गेल्या वर्षी पॉलिसी घेताना छातीचा जुना आजार लपवला, म्हणून क्लेम नामंजूर. पुरावा काय, तर केसपेपरवरचं माझंच वाक्य!

एजंट फोनवर म्हणतो, "ताई, एवढं बोलायचं कशाला?"

तक्रार मी करणारच, सोडणार नाही.

पण संध्याकाळी सासूबाईंना चक्कर आली. दवाखान्यात पुन्हा तोच प्रश्न, "आधीचा काही त्रास?" त्या सांगायला लागल्या आणि मी त्यांचा हात दाबला.

अशी नव्हते हो मी.