विमानाच्या तारेवरची धुणी

आमच्या गल्लीतले एक मागवाले माझ्या दुकानात आले की आधी चपला काढत. देवळात शिरल्यासारखं वाटे, पण कारण वेगळं होतं. तारेचं एक टोक अनवाणी पायाखाली दाबायचं, दुसरं दोन्ही हातांनी वर ओढायचं, टिचकी मारून कान लावायचा आणि मला विचारायचं, "ह्याच्यावर जीव टांगाल का तुमी?"

मी हार्डवेअरवाला. माझ्या तारेवर आजवर लोकांनी कपडे टांगले होते. मी तारेचा भाव सांगे आणि ते नाराज होऊन तार घेऊन जात.

सोलापुरात त्यांचे चादरींचे यंत्रमाग होते. त्यातला एक हलवून त्या जागेत त्यांनी विमान बांधायला घेतलं. गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा लोक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसत. त्यापेक्षा विमान लवकर होईल, असा त्यांचा हिशेब असावा.

आणि झालंही. सांगाडा उभा राहिला, पंखांवर स्वतःच्या मागाचं कापड चढलं, जुन्या मोटारीचं इंजिन बसलं. अडलं ते तारांशी. चालवणाऱ्याच्या हातातल्या दांड्यापासून शेपटीपर्यंत जातात त्या तारा. त्या तुटल्या की विमान कुणाचं ऐकत नाही. तार पसंत पडली तर तिच्या फासात बसवायचं लोखंडी कडं, म्हणजे थिंबल, पसंत पडेना. थिंबल जमलं, तर क्लॅम्प तार चेमटवतो म्हणून बाद. तेही निभावलं, तर ताण कमीजास्त करायचं टर्नबकल हादऱ्यानं उलगडलं तर काय, ही काळजी.

गल्लीला कसलीच काळजी नव्हती. निवृत्त पी.टी. मास्तरांनी विहिरीचा सोल, म्हणजे जाड दोर सुचवला, पानवाल्यानं सायकलच्या ब्रेकची तार. विमानात बसायला मात्र दोघंही तयार नव्हते. असे सल्लागार तुमच्याही गल्लीत असतीलच.

बाद झालेली प्रत्येक तार कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर जाई. आमच्या गल्लीची धुणी थिंबल आणि टर्नबकलसकट ताणलेल्या तारांवर वाळत. ओल्या चादरींचं कितीही ओझं पडो, एकीलाही झोळ आला नाही. ते खाली उभे राहून बघत आणि खेदानं म्हणत, "इमानाला नाय चालत."

दर खांडेनवमीला मागांबरोबर विमानाचीही पूजा होई. पंख्याला झेंडूची माळ पडली की लोक विचारत, यंदा तरी? तारेचं बघतो, ते म्हणत.

मग एका खांडेनवमीच्या आधी मुंबईच्या भंगारबाजारातून खऱ्या विमानाची तार आली. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जाडीची, सगळ्या सामानासकट. त्यांनी ती ओढली, टिचकी मारली, कान लावला. मला काही विचारलंच नाही. त्या दिवशी आमची थट्टा थांबली, कारण आता ते खरंच उडणार होते.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पूजेचं ताट घेऊन मागांच्या शेडमध्ये आल्या. इतक्या वर्षांत विमानाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. तारेला हळदकुंकू लावलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा जीव टांगा की ह्याच्यावर. पर माझाबी संगट टांगला जातोय. त्येवढं वजन धरून बघा."

त्यांनी तार हातात घेतली. मग हळदकुंकवासकट ती पायाखाली दाबायला गेले, थबकले, तिला नमस्कार केला आणि हातांनीच ओढून कान लावला.

"नाय धरत," ते म्हणाले.

गल्लीनं त्यांना घाबरट ठरवलं. मी असतो तर उडालो असतो, असं मास्तर विहिरीच्या सोलाच्या भरवशावर सांगू लागले. मला मात्र त्या दिवशी ते फार आवडले.

ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती तार त्यांच्याच गच्चीवर आहे. खांडेनवमीला वहिनी हत्यारांबरोबर त्यांचा एक सदराही धुतात. गेल्या वेळी मी गच्चीवर गेलो, तर तारेवर तो एकटाच वाळत होता आणि त्याला या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत चिमटेच चिमटे लावलेले. एका सदऱ्याला एवढे कशाला, मी विचारलं.

"वारं लई हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या.

समोरच्या लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.