पश्चिमेच्या स्वर्गाचा रहिवासी

आमच्या अपार्टमेंटच्या मागे पार्किंग लॉट होता, त्यापलीकडे मक्याचं शेत, आणि दोन्हींच्या मधोमध एक लाकडी बाक. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ओहायोतलं डब्लिन अजून पुरतं वसलेलं नव्हतं. संध्याकाळी कचरा टाकायला मी खाली उतरत असे, तेव्हा त्या बाकावर एक वृद्ध चिनी गृहस्थ बसलेले दिसत. कित्येक महिने आमची ओळख मान हलवण्यापलीकडे गेली नाही. दोष माझाच होता. अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य कोणतं बोलावं, हे मला तेव्हाही सुचत नसे आणि आजही सुचत नाही.

ते वाक्य अखेर त्यांनीच उच्चारलं. मी कुठला, असं त्यांनी विचारलं. मी इंडिया म्हणालो. त्यासरशी ते बाकावरून उठले, कोटाचं बटण लावलं आणि कमरेत वाकून त्यांनी मला अभिवादन केलं. मी कचऱ्याची पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो.

"तुम्ही पश्चिमेच्या स्वर्गातून आलात," ते म्हणाले.

"नाही, मी मुंबईहून आलो," मी म्हणालो.

ते खळखळून हसले आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. चीनमध्ये आणि पुढे तैवानमध्ये त्यांनी शाळेत इतिहास शिकवला होता. आता लेक आणि जावई इथे नोकरीला होते म्हणून पत्नीसह त्यांच्याकडे राहत. इंग्रजी त्यांचं सावकाश होतं, पण एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखं. त्यांनी सांगितलं की जुन्या काळी त्यांची माणसं स्वतःला जगाच्या मधोमध समजत. बाहेर जे काही होतं ते सगळं रानटी. अपवाद फक्त एका देशाचा. त्या देशाला ते पश्चिमेचा स्वर्ग म्हणत, कारण बुद्ध तिथला. तेवढ्या एका देशाकडे त्यांचे भिक्षू वाळवंटं तुडवत शिकायला गेले, शिकवायला नव्हे.

"इथून तो देश नेमका कोणत्या बाजूला येतो, ते मी लेकीला विचारलं," ते म्हणाले. "ती म्हणते, पप्पा, पूर्वेकडून जा नाहीतर पश्चिमेकडून, लांब तो लांबच. त्यामुळे माझी पत्नी सध्या दोन्ही दिशांना नमस्कार करते."

ते मला 'इंजिनिअर' म्हणत, मी त्यांना 'सर'. माझी पत्नी मात्र पहिल्या भेटीपासून त्यांना आजोबा म्हणू लागली, आणि त्यांना त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर तो शब्द इतका आवडला की माझ्या 'सर'कडे ते कानाडोळा करू लागले.

त्यांच्या त्या अभिवादनाने मी सुखावलो, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मला ते बोचलं. ज्या देशापुढे ते वाकले त्या देशात माझ्या आजोबांच्या पिढीला गावच्या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. शिवाय बुद्धाशी माझं नातं खरंच होतं. माझे वडील तरुणपणी बौद्ध झाले, आमच्या घरी त्रिसरणाशिवाय दिवस उजाडत नसे. पण हे नातं ओहायोत आम्ही एकाही मराठी माणसाला सांगितलं नव्हतं.

त्याचं कारण सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. आम्ही अमेरिकेत उतरलो त्या हिवाळ्यात, इथल्या मराठी मंडळातले एक डॉक्टर काका आम्हाला विमानतळावर घ्यायला आले होते. मूळचे पुण्याचे. जागा मिळेपर्यंत आम्ही त्यांच्याकडे राहिलो. काकूंनी माझ्या पत्नीला स्वतःचा कोट दिला, काकांनी मला बर्फात गाडी चालवायला शिकवलं. असे दोघे. पण त्याच पहिल्या आठवड्यात जेवताना काका सहज म्हणाले होते, "आडनावावरून काही पत्ता लागत नाही बुवा तुझा. कोकणातले म्हणजे नक्की कुठले तुम्ही?" मी गावाचं नाव सांगितलं, मग नदीचं, मग पावसाचं, आणि विषय पावसावर थांबला. काकांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीही पुन्हा कधी सांगितलं नाही.

पुढे आम्ही आपल्या जागेत आलो. दर्शनी भिंतीवर पत्नीने दोन तसबिरी लावल्या, एक बुद्धाची आणि दुसरी निळ्या कोटातली. आणि मग एक रीत पडली. शनिवारी काका-काकू जेवायला यायचे असले की त्या दोन्ही तसबिरी मी उतरवत असे, टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवत असे, आणि ते गेले की पुन्हा लावत असे. पत्नी काही बोलत नसे. ती नागपूरची. तिच्या माहेरी ते फोटो रस्त्यावरूनही दिसतील असे लावलेले होते. फक्त एकदा, मी स्टुलावर चढलेलो असताना, ती खालून म्हणाली, "हळू काढा. पडले तर तुम्हालाच लागेल."

काकूंची नजर बारीक. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, या भिंतीवर काहीतरी लाव की. नुसते खिळे ठोकून ठेवलेत."

"लावू हो काकू," पत्नी म्हणाली. "यांना अजून मनासारखं मिळालं नाही."

बाकावरच्या आमच्या बैठका त्या उन्हाळ्यात वाढल्या. आजोबा जुन्या कल्पना सांगत आणि स्वतःच त्यांची थट्टा करत. त्यांच्या पूर्वजांनी बाहेरच्या जगातल्या माणसांची चित्रं काढली होती. कुणाला एकच पाय, कुणाचे कान गुडघ्यापर्यंत, आणि एका देशात तर माणसांच्या छातीला आरपार भोक. तिथल्या प्रतिष्ठितांना पालखी लागत नसे. छातीतून बांबू घालायचा आणि पुढे एकाने, मागे एकाने उचलून न्यायचं.

"आणि उचलणारे?" मी विचारलं. "त्यांच्या छातीला भोक नव्हतं?"

"होतं की," आजोबा म्हणाले. "सगळ्यांच्याच होतं. पण त्यांच्यातून बांबू घालायची पद्धत नव्हती."

मी इतका हसलो की शेतातली पाखरं उडाली. मग लक्षात आलं की ते हसत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्याकडच्या लहान मुलांनाही ठाऊक असलेली गोष्ट सांगितली. एका माणसाला चांदी मिळाली. चोरीला जाईल या भीतीने त्याने ती अंगणात पुरली. तरी जीव शांत होईना, म्हणून वर पाटी लावली : 'या जागी चांदी पुरलेली नाही.' शेजाऱ्याने ती वाचली, चांदी उकरून नेली, आणि आपल्यावर आळ नको म्हणून शेजारी दुसरी पाटी लावली : 'शेजाऱ्याने ही चांदी नेलेली नाही.'

याही गोष्टीला मी हसलो. मग जिना चढून घरात आलो. तो शनिवार होता आणि तसबिरी कपाटात होत्या. समोरच्या भिंतीवर दोन रिकामे खिळे आणि त्यांच्याखाली रंग जरा उजळ राहिलेले दोन चौकोन. एवढी ठळक पाटी त्या गोष्टीतल्या माणसालाही लावता आली नसती. तरीही बेल वाजली तेव्हा मी दार उघडलं, आणि त्या भिंतीला पाठ करून काकांच्या समोर बसलो.

शरद ऋतूत आजोबांच्या पत्नीचं दुखणं बळावलं. एका रविवारी दुपारी आजोबा स्वतः आमच्या दाराशी आले. "तिला एक प्रश्न विचारायचा आहे," ते म्हणाले. "या गावात उत्तर देऊ शकाल असे तुम्हीच."

आम्ही दोघं गेलो. आजी उशांना टेकून बसल्या होत्या. हातात जपमाळ होती, ओठ हलत होते. त्या बोलत आणि आजोबा त्याचं इंग्रजी करत. आयुष्यभर बुद्धाचं नाव घेणारा माणूस मरणानंतर पश्चिमेच्या स्वर्गात, एका तळ्यातल्या कमळात जन्म घेतो, अशी त्यांची श्रद्धा. आणि मी तिथला. तेव्हा त्यांना एवढंच हवं होतं की ते तळं मी पाहिलं आहे का, ते सांगावं.

आमच्या धम्मात स्वर्ग नाही. तो नाही हे ठणकावून सांगण्यातच वडिलांची हयात गेली. खरं बोलावं तर मरणाच्या दारातल्या बाईचा आधार काढून घ्यायचा, आणि तिला हवं ते बोलावं तर बुद्धाच्याच नावावर थाप मारायची. मी पत्नीकडे पाहिलं. ती मराठीत हळूच म्हणाली, "तळं आहे ना आपल्याकडे. सांगा की."

मग मी सांगितलं. माझ्या आजोबांच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक तळं आहे. गुरंढोरं त्याचं पाणी पीत, पण आमच्या माणसांना मनाई होती.

आजोबा भाषांतर करता करता थांबले. "मनाई कशावरून?"

"जन्मावरून," मी म्हणालो. अमेरिकेत हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारत होतो.

त्यांनी तो सांगितला असावा, कारण आजींचे ओठ हलायचे थांबले. मी पुढे बोलत राहिलो. एके दिवशी आमची हजारो माणसं त्या तळ्यावर गेली. पुढे होता तो आमचा माणूस, ज्याची तसबीर आमच्या घरी आहे. तो पाण्यात उतरला, ओंजळभर पाणी प्यायला, आणि मग सगळे प्यायले. माझे आजोबा तेव्हा विशीत होते. तेही प्यायले.

"चव कशी होती, असं ती विचारते," आजोबा म्हणाले.

"माझे आजोबा सांगत, पाणी साधंच होतं. पण हात कापत असल्यामुळे निम्मं अंगावर सांडलं."

आजी हसल्या. मग बराच वेळ बोलल्या. आजोबांनी ते जरा अडखळत सांगितलं : "ती म्हणते, म्हणजे तिथे आता सगळ्यांना पाणी पिता येतं. ती म्हणते, तळं तेच आहे."

हे तितकं खरं नव्हतं. आमच्या वाडीची विहीर अजून वेगळीच होती, आणि तळ्यावरून परतताना त्याच माणसांची डोकी फुटली होती, हे मी सांगितलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. तेव्हा आजींनी उशाशी ठेवलेल्या पेल्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या हातांकडे.

"तिला तुमच्या हातून पाणी हवंय," आजोबा म्हणाले. "चमच्याने नको."

मी ओंजळ केली. पत्नीने तीत पाणी ओतलं. आजींनी मान पुढे केली आणि डोळे मिटून त्या दोन घोट प्यायल्या. माझ्याही हातून निम्मं सांडलं. दर शनिवारी टॉवेलात तसबिरी गुंडाळणारे हात हेच, एवढं एकच मला त्या वेळी सुचत होतं. हात मागे घ्यावेत असं वाटत होतं, आणि घेताही येत नव्हते.

त्या आठवड्यातच त्या गेल्या. अंत्यसंस्कारानंतर आजोबांच्या लेकीने प्रत्येकाच्या हातावर एक साखरेची गोळी ठेवली. कडवटपणा घरी नेऊ नये, ती वाटेतच खायची, अशी त्यांची रीत. मी ती गाडीत तोंडात टाकली.

काही दिवसांनी आजोबा पुन्हा बाकावर दिसले. शेतातला मका कापून झाला होता. मी त्यांना खिळ्यांची हकिकत सांगितली. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत.

"गोष्टीतला माणूस चोराला घाबरत होता," ते म्हणाले. "तुम्ही कुणाला?"

"चांदी चोरीला जाईल अशी भीती नव्हती, सर. ती सापडेल अशी होती."

त्यांनी कापलेल्या शेताकडे नजर वळवली. मग म्हणाले, "ती मात्र जाताना निश्चिंत होती. तुमच्या जिवावर."

पुढच्या शनिवारी पत्नीने स्टूल आणून भिंतीशी ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ते उचलून पुन्हा स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. भाजी ढवळताना ती गुणगुणू लागली. घरात तिचं गुणगुणणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की ते बंद झालं होतं हेही माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

काका-काकू आले. काका बूट काढून आत वळले आणि तसबिरींसमोर उभे राहिले. मी त्यांच्या मागे. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या. "खिळ्यांना काहीतरी मिळालं एकदाचं."

काका वळले, सोफ्यावर बसले. "आज ट्रॅफिक फार होता. जरा पाणी देतेस का गं?"

पत्नीने ग्लास आणला. काकांनी तो घेतला आणि ते पाणी प्यायले. मी पाहत होतो. ग्लास ओठाला लागतो का, हात थबकतो का, तळाशी काही उरतं का, सगळं पाहत होतो. ज्या माणसाने मला विमानतळावरून आपल्या घरी नेलं, ज्याच्या ताटात मी जेवलो, त्याच्या तहानेची मी परीक्षा घेत होतो. काकांची नजर वर आली आणि माझ्या नजरेला भिडली. मी काय पाहत होतो ते त्यांना कळलं, याबद्दल मला शंका नाही. त्यांनी रिकामा ग्लास टीपॉयवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "अजून थोडं दे."

जेवणं झाली, पत्ते झाले. त्यांना कधीपासून ठाऊक होतं, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यानंतरही ते येत राहिले, पण पूर्वीइतके नव्हे. की बोलावणंच कमी झालं? मला ते आजवर ठरवता आलेलं नाही. त्या दिवशीच्या पाण्याबद्दल मात्र मनात काही अनिश्चित उरलेलं नाही. त्यांना खरोखरच तहान लागली होती.